तंबोरा, तबला आणि टाइप-सी

प्रश्न : घरच्या घरी गाणं आणि तबला रेकॉर्ड करायचा आहे. दोन माइक, एक लॅपटॉप, एवढाच पसारा. दुकानदार म्हणतो, यूएसबीचे ऑडिओ इंटरफेस आता जुने झाले, आवाज चांगला हवा असेल तर थंडरबोल्टचाच घ्या. त्याची किंमत कितीतरी जास्त आहे. मुलगा म्हणतो, आपल्या लॅपटॉपला टाइप-सी आहे, म्हणजे कुठलाही इंटरफेस चालेल. खरं कोणाचं? आणि मित्राच्या घरी गाताना हेडफोनमध्ये माझाच आवाज मला किंचित उशिरा येत होता, तो कशामुळे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : यूएसबीचाच घ्या. दोन माइकच्या घरगुती कामासाठी थंडरबोल्टवर जादा पैसे घालण्याचं काहीच कारण नाही. वाचलेल्या पैशांत एक चांगला माइक घ्या, खोलीला जाड पडदे लावा. त्यानं आवाजात जो फरक पडेल, तो कुठल्याही केबलनं पडणार नाही. दुकानदार आणि चिरंजीव दोघांचंही थोडं थोडं चुकतंय. कुठं, ते सविस्तर सांगतो, कारण या एका गैरसमजापायी गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचे पैसे नको तिथं जातात आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी आवाजाच्या दर्जाचं बघू. माइकमधून येणारा विजेचा संकेत अगदी क्षीण असतो. इंटरफेसमधला प्रीअँप तो मोठा करतो आणि कन्व्हर्टर त्याचे आकडे करतो. सेकंदाला ४८ हजार वेळा मोजमाप, आणि प्रत्येक मोजमाप २४ बिटांचं. आवाजाचं बरंवाईट इथंच ठरून जातं. पुढं केबलमधून जातात ते नुसते आकडे. ते यूएसबीनं गेले काय किंवा थंडरबोल्टनं गेले काय, पलीकडे तेच आकडे उतरतात. मोजमापाचा ठोका देणारं घड्याळही चांगल्या यूएसबी इंटरफेसमध्ये त्याचं स्वतःचंच असतं. संगणकाला त्याच्या तालानं चालावं लागतं. त्यामुळे ‘थंडरबोल्टचा आवाज गोड’ या म्हणण्याला आधार नाही. महागड्या इंटरफेसचा आवाज गोड लागत असेल, तर त्याचं श्रेय त्यातल्या प्रीअँपला आणि कन्व्हर्टरला जातं.

मग वेगाचं काय? हिशेब सोपा आहे, कागदावर करून बघा. ४८ हजार गुणिले २४ म्हणजे एका चॅनेलला सेकंदाला ११ लाख ५२ हजार बिट, म्हणजे सुमारे १.१५ मेगाबिट. दोन चॅनेल आत आणि दोन बाहेर धरले तरी साडेचार मेगाबिटांच्या आसपास. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट आहे. प्रत्यक्षात तेवढी मिळत नाही हे खरं, पण निम्मी मिळाली तरी तुमचं काम तिच्या कोपऱ्यात मावतं. जर्मनीच्या आरएमई कंपनीचा ‘मॅडीफेस यूएसबी’ हाच यूएसबी २.० वापरून ६४ चॅनेल आत आणि ६४ बाहेर नेतो. तुमचे दोन माइक कुठं आणि हे कुठं!

यूएसबीची बदनामी झाली ती तिच्या पहिल्या पिढीमुळे. यूएसबी १.१ ची मर्यादा १२ मेगाबिट होती. त्यात दोन चॅनेल आत, दोन बाहेर एवढंच जेमतेम बसायचं, आणि सेकंदाला ९६ हजार मोजमापं घ्यायची म्हटलं की दम लागायचा. त्यात त्या काळचे विंडोजचे ड्रायव्हर कच्चे. त्यामुळे ‘यूएसबी म्हणजे हौशी लोकांचं, खरं काम फायरवायर या दुसऱ्या जोडणीवर’ असं स्टुडिओत बोललं जायचं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. ते मत अजून दुकानांतून फिरतंय.

आता तुमच्या उशिराच्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी मेख तिथं आहे.

संगणक येणारं प्रत्येक मोजमाप सुटं सुटं हाताळत नाही. तो ती साठवतो, ठरावीक संख्या झाली की एकदम उचलतो, त्यावर काम करतो आणि तेवढाच गठ्ठा बाहेर पाठवतो. या साठ्याला बफर म्हणतात. तुमच्याकडे वडापची जीप जशी सीट भरल्याशिवाय स्टँडवरून हलत नाही, तसंच हे. पुढचा रस्ता दोन पदरी आहे की सहा पदरी, यानं जीप भरायला लागणारा वेळ बदलत नाही. बफर ६४ सॅम्पलचा, म्हणजे ६४ मोजमापांचा असेल तर भरायला १.३ मिलिसेकंद लागतात, २५६ चा असेल तर ५.३, आणि १०२४ चा असेल तर २१.३. हा वेळ येताना एकदा आणि जाताना पुन्हा एकदा मोजायचा. वर कन्व्हर्टरचा थोडा आणि ड्रायव्हर सुरक्षिततेसाठी गुपचूप धरून ठेवतो तो थोडा.

यात केबलचा वाटा किती? यूएसबी २.० सेकंदाचे आठ हजार भाग करते आणि प्रत्येक भागात आवाजासाठी जागा राखून ठेवते. ४८ हजारांच्या हिशेबानं एका भागात एका चॅनेलची अवघी सहा मोजमापं जातात. एक भाग म्हणजे मिलिसेकंदाचा आठवा हिस्सा. ड्रायव्हर असे काही भाग एकत्र करून उचलतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं अधिक लागतं. तरीही मित्राकडे तुम्हाला जाणवलेला उशीर केबलचा नव्हता. त्याचा बफर मोठा असणार, किंवा ड्रायव्हर साधा असणार.

आकडे गाण्याच्या भाषेत बघू. द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चालला, तर एक मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे २५० मिलिसेकंदांची. तबलजी मात्रेत चार बोल भरत असेल तर दोन बोलांमध्ये साधारण ६२ मिलिसेकंद. बफर १०२४ वर ठेवलात तर जाऊन-येऊन ४३ मिलिसेकंद तिथंच गेले. हातातून ‘ति’ निघतो तो हेडफोनमध्ये ऐकू येईपर्यंत पुढचा ‘र’ वाजायची वेळ होत आलेली असते. असं वाजवणं कोणालाही जमणार नाही. उलट एकूण उशीर पाच-सहा मिलिसेकंदांचा असेल, तर तबलजीला तो जाणवतही नाही. हवेत आवाज मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो. बैठकीत गायक आणि तबलजी दीड-दोन मीटरवर बसले की एकमेकांचा आवाज तेवढ्याच उशिरानं त्यांच्या कानी पडतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या मैफली रंगत आल्या आहेत.

गायकाचं मात्र वेगळं. स्वतःचा आवाज त्याला कवटीच्या हाडांतून तत्काळ ऐकू येत असतो. त्यावर हेडफोनमधला तोच आवाज तीन-चार मिलिसेकंद मागून येऊन बसला की काही कंपनं एकमेकांना मारतात आणि आपलाच आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटतो. त्याला ‘उशीर होतोय’ असं वाटत नाही, ‘आज आवाज लागत नाहीये’ असं वाटतं, आणि तो विनाकारण जोर लावतो. तुम्ही स्वतः गाता, म्हणून हे जरूर लक्षात ठेवा.

यावरचा उपाय जवळजवळ प्रत्येक यूएसबी इंटरफेसवर असतो : डायरेक्ट मॉनिटर. कुठं त्याचं बटण असतं, कुठं एका बाजूला इनपुट आणि दुसऱ्या बाजूला प्लेबॅक असं फिरवायचं गोल बटण. ते चालू केलं की माइकचा आवाज संगणकात जाऊन परत यायची वाट न बघता इंटरफेसमधूनच सरळ हेडफोनला जातो. तंबोरा आणि ठेका लॅपटॉपवरून ऐकायचा, स्वतःचा आवाज थेट ऐकायचा. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तुमचा ट्रॅक तेवढा म्यूट ठेवा, नाहीतर दोनदा ऐकू येईल. रेकॉर्ड झालेला आवाज ठेक्याशी जुळवून ठेवण्याचं काम सॉफ्टवेअर स्वतः करतं. तुमच्या कामात हे जमलं की बफर १०२४ ठेवा नाहीतर २०४८, काही बिघडत नाही.

उशीर खरोखर आड येतो तो दोन ठिकाणी : गातानाच हेडफोनमध्ये सॉफ्टवेअरचा रिव्हर्ब हवा असेल तेव्हा, आणि मिडी कीबोर्डवरून संगणकातली हार्मोनियम वाजवत असाल तेव्हा. तिथं बफर ६४ किंवा १२८ वर आणावा लागतो, आणि तिथं ड्रायव्हरचा कस लागतो. ड्रायव्हर कच्चा असेल तर बफर खाली आणला की आवाजात टकटक, चरचर सुरू होते. आवाजाच्या आकड्यांना यूएसबीवर उशिरा पोचायची मुभा नसते आणि हरवलेला तुकडा परत पाठवला जात नाही. त्या ठिकाणी बारीक भोक पडतं आणि तीच टकटक.

म्हणून इंटरफेस घेताना विचारायचं ते हे : विंडोजसाठी कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का, आणि तो शेवटचा कधी सुधारला? एएसआयओ ही स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ मध्ये आणलेली पद्धत, विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिव्यवस्थेला वळसा घालून थेट जाणारी. ‘एएसआयओफोरऑल हा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरा’ असा सल्ला कोणी दिला तर तो तात्पुरता उपाय समजा. मॅकवर चांगल्यापैकी इंटरफेस बहुधा ड्रायव्हरशिवायच चालतात. आणि खरा उशीर किती, ते दुकानातच बघता येतं. रीपर हे सॉफ्टवेअर उघडलं की वरच्या उजव्या कोपऱ्यात बफरचा आकडा आणि जाण्या-येण्याचे मिलिसेकंद दिसतात. हे ड्रायव्हरनं सांगितलेले. खात्रीच करायची तर इंटरफेसच्या आउटपुटमधून त्याच्याच इनपुटमध्ये एक जॅकची वायर जोडायची आणि आरटीएल युटिलिटी या छोट्या सॉफ्टवेअरनं मोजायचं. दोन आकड्यांत मोठी तफावत आली, तर तो ड्रायव्हर खरं सांगत नाही.

थंडरबोल्टवर अन्याय नको. इंटेल आणि अ‍ॅपल यांनी २०११ मध्ये ती बाजारात आणली तेव्हाच तिची गती १० गिगाबिट होती; २०१५ च्या थंडरबोल्ट ३ मध्ये ४०. तिचं खरं बळ गतीपेक्षा रचनेत आहे. संगणकाच्या आतली पीसीआय एक्स्प्रेस ही वाट ती केबलनं बाहेर आणते, त्यामुळे इंटरफेस आतल्या कार्डासारखाच सरळ मेमरीत आकडे ठेवू शकतो आणि बफर ३२ वर आणला तरी प्रोसेसर धापा टाकत नाही. चित्रपटाचं पार्श्वसंगीत, एका वेळी पन्नास-साठ माइक, गाताना चालू असलेले दहा-वीस प्लगइन, अशा कामाला ती हवीच. पण नीट लिहिलेला यूएसबी ड्रायव्हर तिच्या फार जवळ जातो. आरएमईनं तर त्यासाठी इंटरफेसमधला यूएसबीचा गाभाही स्वतःच तयार केला. डेस्कटॉपच्या आत बसणारी पीसीआय एक्स्प्रेस कार्डं अजून मिळतात, पण लॅपटॉपवाल्याला त्यांचा उपयोग नाही.

चिरंजीवांना सांगा : टाइप-सी हा फक्त खाचेचा आकार आहे. त्याच आकाराच्या खाचेतून साधी यूएसबी २.० जाते, यूएसबी ३ जाते आणि थंडरबोल्टही जाते. लॅपटॉपच्या खाचेशेजारी बाण असलेली वीज कोरलेली असेल तर ती थंडरबोल्टची. नसेल तर थंडरबोल्टचा इंटरफेस तिथं बसेल छान, पण बहुधा चालणार नाही. उलट थंडरबोल्टच्या खाचेत यूएसबीचा इंटरफेस खुशाल चालतो. फोकसराइटच्या स्कार्लेट इंटरफेसना मागं टाइप-सी आहे, पण आत यूएसबी २.० च आहे, आणि त्यात काही कमीपणा नाही. केबलही बघून घ्या. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, त्यांवर इंटरफेसचा दिवा लागतो पण संगणकाला तो दिसत नाही.

आता विजेचं, कारण आपल्याकडे खरा त्रास तोच देतो. यूएसबी २.० च्या खाचेतून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. त्यातच दोन कंडेन्सर माइकना ४८ व्होल्टचं फँटम पॉवर द्यायचं असतं. दोन माइकना हे पुरतं, फक्त मध्ये साधा हब नको. इंटरफेस सरळ लॅपटॉपला जोडा. लोडशेडिंगमध्ये अशा इंटरफेसचा फायदाच आहे : वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर रेकॉर्डिंग चालू राहतं.

दुसरी गोष्ट अर्थिंग. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर हात फिरवताना चार्जर लावलेला असताना बारीक झिणझिण्या येत असतील, तर तीच गळकी वीज इंटरफेसपर्यंत पोचते आणि आवाजाखाली ‘हूं’ बसतो. केबलचा आवाजावर परिणाम होतो तो फक्त असा. आपल्या विजेची कंपनसंख्या ५० असल्यामुळे हा ‘हूं’ ५०, १००, १५० असा येतो. पांढरी एकला लावलेल्या तंबोऱ्याची पंचमाची तार ९८ वर असते. तिच्याशेजारी १०० चा ‘हूं’ आला की सेकंदाला दोन हेलकावे सुरू होतात आणि जवारी कितीही सुरेख असली तरी तंबोरा लागलेलाच वाटत नाही. चार्जर काढून बघा. ‘हूं’ गेला तर दोष तिथंच. मग तीन पिनांचा, अर्थिंगचा चार्जर वापरा आणि इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या. ‘हूं’ घालवण्यासाठी अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला काही जण देतात. तो कधीही ऐकू नका, जिवावर बेतेल.

प्रश्न : ओळखीच्या एका स्टुडिओतला आठ चॅनेलचा फायरवायर इंटरफेस अगदी कमी किमतीत मिळतोय. भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगसाठी घेऊ का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मुख्य इंटरफेस म्हणून घेऊ नका. फायरवायर ही गुणी पद्धत होती. २००१ च्या सुमारास मोटू ८२८ सारखे इंटरफेस तिच्यावर आले आणि आठ चॅनेलचं रेकॉर्डिंग घरात शक्य झालं. पण अ‍ॅपलनं २०१२ नंतर फायरवायरची खाच असलेलं नवं मॉडेल काढलं नाही, आणि २०२५ च्या मॅकओएस टाहोमधून तर तिचा आधारच काढून टाकला. विंडोजवर कार्ड, त्यातली चिप आणि जुना ड्रायव्हर या तिघांचं जमावं लागतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवर बहुतेक वेळा जमतं, पण भजनी मंडळ खोळंबलेलं असताना हा प्रयोग नको.

एक वाट आहे. त्याच्या मागं अ‍ॅडॅटची ऑप्टिकल खाच असेल आणि संगणकाशिवाय स्वतंत्र चालण्याची सोय असेल, तर तो नुसता आठ माइकचा प्रीअँप म्हणून वापरता येतो. अ‍ॅडॅट इनपुट असलेला एक छोटा यूएसबी इंटरफेस घ्यायचा आणि दोघांना एका ऑप्टिकल तारेनं जोडायचं. त्या एका तारेतून ४८ हजारांवर आठ चॅनेल जातात. घड्याळ मात्र दोघांपैकी एकाचंच ठेवायचं आणि दुसऱ्याला ऑप्टिकलवरून ते घ्यायला लावायचं, नाहीतर अधूनमधून टक्‌ टक्‌ येत राहील. अट एवढीच की आधी घरी आणून हे करून बघायची परवानगी मिळायला हवी.

प्रश्न : अमेरिकेतल्या विद्यार्थिनीला ऑनलाइन गाणं शिकवते. मी इथून ताल धरला की तिचं गाणं मागं पडतं. जास्त वेगाचा इंटरफेस घेतला तर फरक पडेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही पडणार. मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तुमचा आवाज तिकडे पोचायलाच कमीत कमी ६२ मिलिसेकंद, आणि तिचा परत यायला तेवढेच. समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत नसतात, शिवाय मधली यंत्रं आणि अ‍ॅप आपापला वेळ घेतात, त्यामुळे प्रत्यक्षात उशीर याहून बराच जास्त होतो. इंटरफेस बदलून त्यातले चार-पाच मिलिसेकंद वाचतील. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर ते आधी बाजूला ठेवा, ते एकटेच शंभराच्या पुढंमागं खातात. वायफायऐवजी लॅनची वायर लावा.

झूमवर शिकवत असाल तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ दोघींनीही चालू करा. ते बंद असताना अ‍ॅप तंबोऱ्याला पंख्याच्या घरघरीसारखा सततचा गोंगाट समजून पुसून टाकतं, आणि लांबवलेला षड्जही मध्येच कापतं. आणि ठेका तिच्याकडे लावा. ती तिथल्या ठेक्याबरोबर गाईल, तो ठेका आणि तिचा आवाज दोन्ही सारख्याच उशिरानं तुमच्यापर्यंत येतील, त्यामुळे समेवर ती आली की नाही हे तुम्हाला अचूक कळेल. तुम्ही गाऊन दाखवाल तेव्हा ठेका तुमच्याकडचा, तिचा बंद. फक्त दोघींनी एकाच वेळी गायचं नाही.